‘कायदा कुठे आहे?’ : पाठ्यपुस्तकांवरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

‘शाळेचं पुस्तक ठरवतं कोण?’ या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोन ओळींत उरकण्यासारखी नाही, म्हणून हे वेगळं उत्तर. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: मी पुस्तक ठरवण्याच्या प्रक्रियेचे गोडवे गायले, प्रत्यक्षात मंत्री बदलला की पुस्तक बदलतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ चा आधार दिला, पण त्यात ‘पाठ्यपुस्तक’ हा शब्दच नाही. मानधन घेऊन पुस्तक करून देणाऱ्या तज्ज्ञांनी नंतर गळा काढू नये. आणि या सगळ्यात पालकाला कुणी विचारत नाही.

दुसऱ्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. कलम २९(१) अभ्यासक्रम आणि मूल्यमापनाची पद्धत ठरवण्याचं काम ‘शैक्षणिक प्राधिकरणा’वर सोपवतं. आपल्याकडे ते म्हणजे पुण्याची एससीईआरटी, राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद. २९(२) मध्ये विचारात घ्यायच्या आठ बाबी आहेत. संविधानातल्या मूल्यांशी सुसंगती ही पहिली, पुढे शक्यतो मातृभाषेतून शिक्षण, मुलाच्या मनात भीती नसणं वगैरे. पुस्तकाचं नाव नाही. शिवाय हा कायदा आठवीपर्यंतचा. पुढे १९६५ चा राज्य मंडळाचा अधिनियम लागतो. मी अभ्यासक्रम आणि पुस्तक एकाच वाक्यात कोंबलं, तो ढिसाळपणा मान्य.

मग बालभारतीचं पुस्तक उभं कशावर आहे? दहावीचं २०१८ चं कुठलंही पुस्तक घ्या आणि सुरुवातीची पानं उलटा. तिथे बारीक अक्षरात छापलंय: २५.४.२०१६ च्या शासन निर्णयाने स्थापन झालेल्या समन्वय समितीच्या २९.१२.२०१७ च्या बैठकीत हे पुस्तक सन २०१८-१९ पासून निर्धारित करण्यास मान्यता देण्यात आली आहे. शासन निर्णय, त्यातून समिती, समितीची बैठक. पुस्तकावर एवढंच सांगितलेलं असतं, विधिमंडळाच्या कायद्याचा उल्लेख नसतो.

हे बेकायदा आहे का? नाही, आणि ते १९५५ मध्येच ठरलं आहे. राम जवाया कपूर विरुद्ध पंजाब राज्य हा खटला कायद्याचे विद्यार्थी ‘कार्यकारी सत्तेची व्याप्ती’ म्हणून पाठ करतात. भांडण मात्र शाळेच्या पुस्तकांचंच होतं. पंजाबात १९५० पर्यंत प्रकाशक स्वखर्चाने पुस्तकं काढत, सरकार प्रत्येक विषयाची काही मंजूर करी आणि मुख्याध्यापक त्यातलं एक निवडत. पुढे सरकारने प्रकाशकांना बाजूला सारून थेट लेखकांकडून पुस्तकं मागवली. हक्क सरकारचे, लेखकाला विक्रीवर ५ टक्के. प्रकाशक न्यायालयात गेले: कायदा न करता धंदा कसा काढून घेता? सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, एवढ्यासाठी वेगळा कायदा लागत नाही, आणि आपलंच पुस्तक शाळांना लावलं जावं हा कुणाचा मूलभूत हक्क नाही.

तेव्हा ‘कायदा कुठे आहे’ याचं उत्तर: पुस्तक ठरवण्यापुरता त्याची गरजच पडलेली नाही. तुमच्या पहिल्या आक्षेपातला खरा भागही इथूनच येतो. शासन निर्णयाने आलेली गोष्ट शासन निर्णयाने जाते. मार्च २०२३ मध्ये ठरलं की दुसरी ते आठवीच्या पुस्तकांतच पाठानंतर कोरी पानं घालायची, म्हणजे वह्या कमी होऊन दप्तर हलकं होईल. मुलं वह्या आणतच राहिली. ए-फोर आकाराचं ७० जीएसएमचं (चौरस मीटरला ७० ग्रॅम) एक पान साधारण ४.४ ग्रॅमचं; अशी शंभर पानं म्हणजे ४४० ग्रॅम वाढले. जानेवारी २०२५ मध्ये ती पानं रद्द. पहिलीपासून हिंदी शिकवण्याचं तर ताजं आहे: १६ एप्रिल २०२५ चा निर्णय, १७ जूनला सुधारित निर्णय, २९ जूनला दोन्ही रद्द केल्याची घोषणा. उलट सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची करणारा २०२० चा अधिनियम आहे. त्याच्या अंमलात पळवाटा काढता येतात, सवलती देता येतात, पण तो पुसायचा तर विधिमंडळातच जावं लागतं.

तरीही ‘मंत्री धडा बदलतो’ हे मला पटत नाही. २०१९ चं दुसरीचं गणित आठवा. २१ ला ‘वीस एक’, ३२ ला ‘तीस दोन’ म्हणण्यावरून विधानसभेपर्यंत थट्टा झाली, रोख सरकारवर होता. बदल मात्र विषय समितीचा होता. समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी त्याची कारणं जाहीरपणे मांडली. मराठीत ‘त्रेपन्न’ म्हणताना तीन आधी ऐकू येतो, लिहिताना पाच आधी लिहायचा. लहान मूल ऐकल्या क्रमाने ३५ लिहून मोकळं होतं. उपाय पटो न पटो, तो मंत्रालयातून आलेला नव्हता.

मंत्र्याचा हात दोन ठिकाणी असतो: समितीवर कोण, आणि आदेश कधी. दुसऱ्याकडे आपलं लक्षच जात नाही. दहावीच्या त्या पुस्तकाला २९ डिसेंबरला मान्यता मिळाली आणि जूनमध्ये ते वर्गात हवं होतं. कागद, छपाई, बांधणी, जिल्ह्यांना वाटप, सगळं साडेपाच महिन्यांत. यात फेब्रुवारी-मार्चमध्ये कुणी ‘अमुक परिच्छेद बदला’ म्हटलं तर नवं लिहायला, तपासायला वेळ नसतो, फक्त कापता येतं. आणि कापणं दिसतं तितकं सोपं नाही. पुस्तक आठ किंवा सोळा पानांच्या फर्म्यात, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेल्या गठ्ठ्यात, छापतात. दोन पानं काढली की फर्मा मोडतो, मग जागा भरायला चित्र मोठं करतात. पाठातून उतारा जातो, स्वाध्यायातला त्यावरचा प्रश्न राहतो. पुढच्या पाठात ‘आपण मागे पाहिलेच आहे’ असतं, आणि मागे काही नसतं. मराठीत दुरुस्ती होते, उर्दू किंवा कन्नड आवृत्तीत जुनाच मजकूर राहतो. वर्गातल्या शिक्षकाला विचारसरणीपेक्षा या खुणा आधी टोचतात.

आशयावर खरा कडक, शिक्षेचा नियम पाहायचा असेल तर तो इतिहासात नाही, नकाशात आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा छापणं हा १९६१ च्या फौजदारी कायदा (सुधारणा) अधिनियमाच्या कलम २ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. म्हणून भूगोलाच्या पुस्तकात सुरुवातीलाच ती टिपांची चौकट येते: जलप्रदेश आधाररेषेपासून बारा सागरी मैल, चंदीगड, मेघालयाच्या सीमा वगैरे. मुलं ती वाचत नाहीत, संपादकाला वाचावीच लागते. एवढं असूनही २०१३ मध्ये दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकातल्या नकाशात अरुणाचल प्रदेश भारताबाहेर गेला. नियम होता, शिक्षा होती, समिती होती. नकाशाची छापील प्रत मूळ प्रतीवर ठेवून बोट फिरवत सीमारेषा जुळवणारं माणूस त्या साखळीत असतं तर ते तिथेच दिसलं असतं.

तज्ज्ञांबद्दल तुम्ही जरा कठोर लिहिलंय. हक्क प्रकाशकाला देणं आणि नाव कायमचं गहाण टाकणं यात फरक आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ पाहा: हक्क विकल्यानंतरही आपल्या लौकिकाला बाधा येईल अशी मोडतोड रोखायचा अधिकार लेखकाकडे राहतो. सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी जून २०२३ मध्ये एनसीईआरटीला, म्हणजे केंद्राची पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या राष्ट्रीय परिषदेला, लिहिलं की कापलेल्या राज्यशास्त्राच्या पुस्तकांवरून मुख्य सल्लागार म्हणून आमची नावं काढा. मागणी पैशांची नव्हती. परिषदेचं म्हणणं हक्क आमचे; २०२४ च्या छपाईतही नावं होतीच. त्याच वर्षी, २०२३ मध्ये, आणखी एक गोष्ट उघड झाली होती: गांधीहत्येसंबंधीची काही वाक्यं बारावीच्या पुस्तकातून गेली होती, पण वगळलेल्या मजकुराच्या जाहीर यादीत ती नव्हती. परिषदेने नजरचुकीची शक्यता सांगितली. मला यादी आणि पुस्तक यांतली ही तफावत वगळण्यापेक्षाही गंभीर वाटते. यादी असेल तर निदान भांडता येतं.

आता पालक. विचारतात, पण घाईत विचारतात. शालेय शिक्षणाच्या राज्य अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा मे २०२४ मध्ये आला, त्यात मनुस्मृतीतल्या श्लोकावरून वादळ उठलं, आणि हरकतींची मुदत होती ३ जूनपर्यंत. शाळांना सुट्टी, पालक गावी. अशा वेळी ‘बदल चुकीचा आहे’ एवढंच लिहिलेली हरकत ढिगात जाते. पान क्रमांक, ओळ, ती २९(२) मधल्या कोणत्या बाबीशी विसंगत आहे आणि त्या जागी सुचवलेलं वाक्य, असं चार ओळींत लिहिलेलं तपासावं लागतं.

पुस्तक आलेलं असेल तर दोन कामं करा. प्रथमावृत्ती आणि ताजं पुनर्मुद्रण शेजारी ठेवा. दोन्ही वर्षं पुस्तकातच छापलेली असतात. फरक सापडला की माहिती अधिकाराचा अर्ज. महाराष्ट्रात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एका अर्जात एकच विषय, मजकूर साधारण १५० शब्दांत. ‘हा परिच्छेद का वगळला?’ असं विचारू नका. ‘का’चं उत्तर अभिलेखात नसेल तर माहिती अधिकाऱ्याला नाही म्हणायला जागा मिळते. असं लिहा: ‘इयत्ता अमुक, विषय अमुक, पृष्ठ अमुक येथील मजकुरात सन अमुकच्या पुनर्मुद्रणात केलेल्या बदलाबाबत विषय समिती व समन्वय समितीच्या बैठकांचे इतिवृत्त, संबंधित टिप्पणी व आदेश यांच्या प्रमाणित प्रती द्याव्यात.’ तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत प्रथम अपील. ‘अभिलेख उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं तर तेही जपून ठेवा, आणि जमलं तर इथे प्रतिक्रियेत टाका.