सरप्राइज ‘देतात’, नवल ‘वाटतं’

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला आणि गावाकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर इंग्रजी शब्दांची झडती जास्तच जोरात सुरू झाली. ‘सरप्राइज’ त्यात हमखास सापडतो. न कळवता गणपतीला आलेल्या चाकरमान्याने ‘सरप्राइज दिलं’ म्हटलं, की कुणीतरी सुनावतोच: ‘आश्चर्य म्हण!’ जर्मनीत बसून हे वाचताना चोर सोडून संन्याशाला फाशी चाललीय असं वाटतं.

‘आश्चर्य दिलं’ म्हणून बघा. जमत नाही. मराठीत आश्चर्य वाटतं, तेही मला, तुला, आईला; ते आपसूक येतं, कुणी कुणाच्या हातात ठेवत नाही. सरप्राइज बेत आखून, लपवून, मग उघड करायची गोष्ट. तिला नेमका शब्द नव्हता, तो आला, तर राहू दे की. जर्मन ‘यूबरराशुंग’ भावनेलाही चालतो आणि लपवून आणलेल्या भेटीलाही. तरी डोळे मोठे करून बघत राहण्याला तिथे ‘श्टाउनेन’ वेगळा आहेच.

आपल्या शब्दांची गळती होतेय ती ‘आश्चर्यचकित’ आणि ‘आश्चर्याचा धक्का’ या जोडगोळीमुळे. बातमी असो की भाषांतर, एसटी वेळेवर आली तरी धक्का! (धक्का खरं तर एसटीलाच मारायचा असतो.)

मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढतात तिथे उभं राहून शब्द तपासावेत. दोन्ही टोकांचे दोर धरून रांगा मागे सरकतात, जाळं वाळूवर येतं. त्यातून एखादा मासा अंगावर उसळला तर माणूस दचकतो. ही शरीराची उसळी. काय झालं ते मनाला नंतर कळतं. बांगड्याचा ढीग बघून तो थक्क होतो. हंगाम नसताना तारली दिसली तर त्याला नवल वाटतं. आणि फार दिवसांनी इसवण, म्हणजे सुरमई, मिळाली तर तिचं अप्रूप. ‘आवशीचो घोव!’ हा मालवणी उद्गार मात्र चारही वेळा चालतो, फक्त सूर बदलतो.

व्याकरणही प्रत्येकाचं निराळं. थक्क ‘मी’ होतो, नवल ‘मला’ वाटतं. नवल नकारातच जास्त खुलतं: ‘त्यात काय नवल?’ इथे ‘त्यात काय आश्चर्यचकित?’ घालून बघा. अप्रूप ‘अपूर्व’वरून आलेलं, त्याला ज्याचं ते ‘त्याचं’ लागतं आणि ते टिकतं. आश्चर्य काही सेकंदांत आनंदात, भीतीत किंवा रागात विरघळतं. अप्रूप अख्खा हंगाम पुरतं. देवगडात दारात कलमं असलेल्या घरी हापूसचं अप्रूप नसतं, द्राक्षांचं असतं. बर्लिनमध्ये फेब्रुवारीतल्या उन्हाचं असतं. त्याला ‘सरप्राइज’ही पुरत नाही, ‘आश्चर्य’ही.

आणि तो चाकरमानी? दार उघडणाऱ्या आजीच्या तोंडी यातला एकही शब्द येत नाही. ती विचारते, ‘अरे, तू खंयसून इलंस?’