बंदी आणि रोपवे यांच्या मधे बरंच काही असतं

पहिला जोराचा पाऊस झाला की आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर दरवर्षी तेच भांडण सुरू होतं. कुणीतरी धबधब्यावरच्या गर्दीचा व्हिडिओ टाकतं, मग कलेक्टरांची जमावबंदीची ऑर्डर फॉरवर्ड होते, आणि लगेच दोन पार्ट्या पडतात. एक पार्टी म्हणते सरळ बंदी घाला, लोकांची लायकीच नाही. दुसरी म्हणते किती वर्षं बंदी घालणार, रोपवे करा, पार्किंग करा, काचेचा पूल करा, पर्यटन वाढवा. त्यात गेल्या वर्षी, जुलै २०२५ मधे, आपल्या ११ आणि तमिळनाडूतल्या जिंजीसकट १२ किल्ल्यांना युनेस्कोचा दर्जा मिळाल्यापासून दुसऱ्या पार्टीचा आवाज अजूनच वाढलाय. मी हे सगळं जर्मनीतल्या रेगेन्सबुर्गमधे बसून वाचतो आणि खरं सांगायचं तर मला दोन्ही बाजू पटत नाहीत, आणि ते का हे सांगायला मला इथून पंचवीसेक किलोमीटरवरच्या एका छोट्या गावाचं उदाहरण घ्यायचंय.

गावाचं नाव केलहाइम. बव्हेरियात, डॅन्यूबच्या काठावर, जिथे आल्टम्यूल नदी तिला येऊन मिळते तिथे. लोकसंख्या सतरा हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावापेक्षाही लहान. भारतातून कुणी आलं की मी त्यांना म्युनिकच्या आधी इथे नेतो. गावातून बोट सुटते आणि प्रवाहाच्या उलट दिशेनं वेल्टेनबुर्गच्या मठापर्यंत जाते, जाताना साधारण चाळीस मिनिटं आणि येताना त्याच्या निम्मी, कारण येताना नदीच ढकलते. मधला साडेपाच किलोमीटरचा पट्टा म्हणजे चुनखडीच्या कड्यांमधून नदीनं कापलेली घळ. कडे काही ठिकाणी सत्तर-ऐंशी मीटर उंच, आणि एका जागी पात्र इतकं आवळतं की दोन्ही भिंती हाताला लागतील असं वाटतं. हा दगड म्हणजे ज्युरासिक काळातल्या समुद्राचा तळ. त्यातल्या सुळक्यांना नावं दिलीत, दोन वैरी भाऊ, दगड झालेली कुमारी, नेपोलियनची ट्रंक, आणि बोटीवरच्या स्पीकरवरून प्रत्येकाची गोष्ट सांगतात. माझ्या आईला हे फार आवडलं होतं, म्हणाली आपल्याकडे पण प्रत्येक सुळक्याला नाव आणि गोष्ट असतेच की. कड्यात लोखंडी कड्या ठोकलेल्या दिसतात, पूर्वीचे नावाडी त्यांना धरून होडी प्रवाहाच्या विरुद्ध ओढत न्यायचे.

आता मुद्दा. ही घळ १९३८ पासून संरक्षित आहे, १९७८ मधे तिला युरोप कौन्सिलचा निसर्गसंवर्धनाचा डिप्लोमा मिळाला, आणि २०२० मधे बव्हेरियाचं पहिलं राष्ट्रीय निसर्गस्मारक म्हणून जाहीर झाली. एवढं सगळं असूनही इथे बंदी नाहीये. लोक येतात, भरपूर येतात, उन्हाळ्यातल्या रविवारी बोटीला लांब रांग असते. फक्त प्रत्येक गोष्टीला एक ठरलेली रीत आहे आणि ती राबवणारं कुणीतरी तिथे उभं आहे. बोटी मार्चच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत. नदीची पातळी मोजणारी केंद्रं आहेत, त्यांचे आकडे दिवसभर नेटवर अपडेट होत असतात, पुराच्या इशाऱ्याच्या चार पायऱ्या आहेत, आणि पाणी ठरलेल्या खुणेच्या वर गेलं की बोटी बंद. त्या दिवशी कुणी हुज्जत घालत नाही कारण हुज्जत घालायची कुणाशी, निर्णय कुणा एका माणसाच्या मर्जीचा नसतोच, आकड्याचा असतो.

मला इथे कुंडमळा आठवतो. १५ जून २०२५, रविवार, इंद्रायणीवरचा तो जुना लोखंडी पूल माणसांच्या भारानं कोसळला, चार जण गेले आणि पन्नासेक जखमी झाले. पूल धोक्याचा आहे हे आधीपासून माहीत होतं, तसा फलकही होता. त्याच्या आदल्या वर्षी, ३० जून २०२४ ला, लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, त्यात लहान मुलं होती. दोन्ही वेळेला आपण काय केलं तर आधी गेलेल्यांच्या अकलेवर चर्चा केली आणि मग बंदीची ऑर्डर काढली. मला याचा मनापासून राग येतो. कारण माहिती आपल्याकडे नाही असं अजिबात नाही, खडकवासल्यातून किती क्युसेक पाणी सोडलं हा मेसेज पुण्यातल्या प्रत्येक माणसाच्या फोनवर अर्ध्या तासात पोचतो. पण त्या आकड्याचा आणि एखाद्या पुलाच्या तोंडाशी असलेल्या फाटकाचा काही संबंधच जोडलेला नसतो. फाटक नाही, ते लावणारा माणूस नाही, आणि त्याला पगार कोण देणार हे ठरलेलं नाही. फलक लावला की जबाबदारी संपली. ज्या रविवारी हजार माणसं तिथे येणार हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं त्या रविवारी तिथे दोन माणसं उभी करणं ही काय फार मोठी गोष्ट आहे का?

वेल्टेनबुर्गचा मठ तर अगदी नदीच्या वळणावरच बसलाय, सातव्या शतकापासून. आतलं चर्च आझाम बंधू या दोघा कलाकार भावांनी अठराव्या शतकात बांधलं, अंधाऱ्या गाभाऱ्यात मागच्या खिडकीतून उजेड सोडून घोड्यावरचा सेंट जॉर्ज उजळवलाय, ते बघताना मी प्रत्येक वेळी थबकतो. मठाची बिअर १०५० पासूनची म्हणतात आणि अंगणात चेस्टनटच्या झाडांखाली ती मिळते. पूर इथे नेहमीचा, भिंतीवर जुन्या पुरांच्या खुणा करून ठेवल्यात, १९९९ मधे पाणी आत घुसलं तेव्हा मोठं नुकसान झालं. मग त्यांनी पूर आला की उभारता येईल अशी भिंत केली. म्हणजे नदी आपलं काम करणार हे धरून चाललेत, नदीला शिस्त लावायला गेले नाहीत. पुण्यात मुळा-मुठेच्या काठावर जे बांधकाम चाललंय, जी झाडं गेली, त्यावर माझे मित्र कोर्टापर्यंत भांडतायत, त्यांना मी या खुणांचे फोटो पाठवलेत.

गावाच्या डोक्यावरच्या टेकडीवर बेफ्रायुंग्सहाले आहे, नेपोलियनवरच्या विजयाचं स्मारक, राजा पहिल्या लुडविगनं १८४२ मधे सुरू केलं आणि लाइपझिगच्या लढाईला पन्नास वर्षं झाली त्या दिवशी १८६३ मधे उघडलं. आत ३४ विजयदेवता हात धरून गोल उभ्या आहेत. भव्य आहे, पण मला राजाच्या हौसेपलीकडे फार काही वाटलं नाही. त्यापेक्षा वरच्या अंगाला आयनिंगला रोमन लष्करी ठाण्याचे नुसते पाये उरलेत ते बघायला मला जास्त आवडतं. २०२१ मधे डॅन्यूबवरच्या रोमन सरहद्दीचा भाग म्हणून त्याला युनेस्कोचा दर्जा मिळाला. जमिनीपासून थोड्याशा वर आलेल्या भिंती, पण फलक इतके नीट की कुठे हमामखाना होता आणि कुठे सैनिक राहायचे ते लहान मुलालाही कळतं. आमच्या साल्हेरवर, राजगडावर एवढे दरवाजे, टाक्या, सदरा उभ्या आहेत आणि काय कुठे होतं हे सांगायला बऱ्याच ठिकाणी एक धड पाटी नाही. तटबंदी दुरुस्त करायला कोटी लागतील हे समजतं हो, पाटीला किती लागतात?

इथलं सगळं छान असंही मला म्हणायचं नाही. याच केलहाइमला माइन-डॅन्यूब कालवा येऊन मिळतो, १७१ किलोमीटरचा, १९९२ मधे पूर्ण झालेला. त्याच्यासाठी आल्टम्यूलचं खालचं खोरं कापून सरळ केलं, ओढे-दलदली गेल्या, लोकांनी वर्षानुवर्षं विरोध केला, आणि खुद्द केंद्रातल्या एका वाहतूकमंत्र्यानं या प्रकल्पाची तुलना बायबलमधल्या बाबेलच्या मनोऱ्याशी, म्हणजे माणसानं घमेंडीत उभारायला घेतलेल्या बांधकामाशी, केली होती, तरी झाला. मालवाहू जहाजं केलहाइमलाच कालव्यात वळतात, घळीत जात नाहीत, म्हणून घळ वाचली. म्हणजे एक वाचवली आणि शेजारची दिली. जर्मन माणसाला निसर्गाची उपजतच कळवळ असते वगैरे जे आपल्याकडे म्हणतात ना, ते या कालव्याच्या काठावर येऊन म्हणून दाखवावं.

आणि म्हणूनच ‘तिकडचे लोक शिस्तीचे, आपल्याकडे नाही जमणार’ हे वाक्य मला मान्य नाही. इथे प्लॅस्टिकची बाटली कुणी टाकत नाही कारण तिच्यावर २५ सेंट डिपॉझिट असतं, दुसऱ्यानं टाकली तरी तिसरा उचलून दुकानात देतो. हेच नीलगिरीत २०२२ पासून चालू आहे, दारूच्या रिकाम्या बाटलीला दहा रुपये परत, हायकोर्टाच्या दट्ट्यानं का होईना सुरू झालं आणि जंगलात फुटणाऱ्या बाटल्या कमी झाल्या. आणि कासचं पठार तर आपलंच आहे. दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा, ऑनलाइन बुकिंग, शुल्क, आणि हे सगळं बघणारी आजूबाजूच्या गावांची समिती. तिथेही वाद झाले, कुंपणाच्या जाळीवरून तर खूपच, वीकेंडला गोंधळ अजूनही होतो. पण गावातल्या पोरापोरींना तिथे काम मिळालं आणि फुलं तुडवणाऱ्याला थांबवायचा हक्क त्यांच्या हातात आला. तीच मराठी माणसं, तीच गर्दी.

गर्दीचा फरक मी नाकारत नाही. मुंबई-पुण्याच्या दोन-तीन कोटी माणसांना मोकळा श्वास घ्यायला सह्याद्रीचा तोच तुकडा आहे, आणि पाऊस आपल्याकडे चार महिन्यांत सगळा पडतो, केलहाइमला ते ओझं नाही. उलट त्यामुळेच आपल्याला माणसं जास्त लागतील. पंधरा पोलीस एका दिवशी आणि बाकी वर्षभर कुणी नाही असं करून चालणार नाही.

त्यामुळे ग्रुपवर माझा प्रश्न असा आहे, आणि मी तो विचारत राहणार आहे. त्या १२ किल्ल्यांपैकी लोहगडावर जुलैच्या रविवारी सकाळी सात वाजता पायथ्याला कोण उभं असेल, किती माणसांनंतर वाट बंद करायची हे कुठल्या आकड्यावरून ठरेल, आणि तिकिटाचे पैसे त्या गावच्या समितीकडे राहतील की वर जातील? याचं उत्तर आधी लिहून घ्या. रोपवेवर त्यानंतर भांडू.