कुणाच्या मातीला आलाय?

कोल्हापुरातल्या समाध्या, थडगी आणि जुन्या वास्तू पायी फिरून कॅमेऱ्यात टिपायचं ठरवलं असेल, तर आधी गाडी काढा. पायी म्हणजे पार्किंगपासून पायरीपर्यंत, हे जाणत्यांना कळतं. ‘सातला निघतोय’ असं ग्रुपवर टाका आणि मिसळीच्या कटावर दहा वाजवा. तोवर दगडावर ऊन असं सपाट पडतं की कोरीवकाम दिसायची कटकटच मिटते.

टाऊन हॉल बाहेरूनच उरका. आतल्या वस्तुसंग्रहालयात इथल्याच ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात निघालेली समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती आहे, पण ती जेमतेम वीतभर. सेल्फीत तुमच्यापुढे टिकायची नाही. बिंदू चौकात फुले-आंबेडकरांचे पुतळे 9 डिसेंबर 1950 ला बसले, म्हणजे बाबासाहेब हयात असताना. ही गोष्ट सोबत्यांना सांगू नका, ते तिथंच थांबून बघत बसतात.

खरा वेळ द्यायचा तो पंचगंगा घाटाला. छत्रपती घराण्यातल्या समाधीमंदिरांपैकी कुठलं कुणाचं, हे विचारायचं नाही. ‘पांडवकालीन गूढ मंदिर’ एवढं लिहिलं की भागतं. पांडवांनी महाराष्ट्रात एका रात्रीत इतकी बांधकामं उरकली आहेत की अजून चार त्यांच्या नावावर गेल्यानं बिघडत नाही. शिखराच्या फटीतून पिंपळ फुटला असेल तर तो मधोमध घ्या. दगड दुभंगतोय हे फोटोत दिसत नाही, हिरवं तेवढं छान येतं. नक्षीच्या खोबणीत पुराचा गाळ वाळून बसलाय, त्याला ‘टेक्स्चर’ म्हणायचं. कट्ट्यावर वाळत घातलेलं लुगडं मात्र बाजूला करायला लावा, त्यानं वारशाचं पावित्र्य जातं. शेजारच्या पायरीवर लग्नाआधीचं शूटिंग चालू असेल, नवरा मुलगा गुलाबी धुराची कांडी फिरवत असेल, तर त्यांना काही बोलू नका. ते आपल्याच धंद्यातले.

पुढं स्मशानभूमी. महापालिका इथं अंत्यसंस्कारासाठी लाकडं-शेणी मोफत देते आणि होळीला शेणी जाळायच्या त्या लोक इथं दान करतात. हे डोक्यात आलं की कॅमेरा आपोआप खाली जातो, म्हणून डोकं चालवू नका. शेणींची रास ब्लॅक अँड व्हाइटमध्ये झकास येते.

नर्सरी बागेत शाहू महाराजांच्या समाधीस्मारकाशी थोडं टेका. महाराज गेले 1922 ला, स्मारक खुलं झालं 2020 ला. त्या मानानं तुमचे फोटो चार वर्षं हार्ड डिस्कवर पडलेत, एवढं मनाला लावून घेऊ नका.

पोलिश कबरींपाशी जरा सांभाळून. दुसऱ्या महायुद्धात घरदार गमावलेले हजारो पोलिश लोक कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत 1943 ते 1948 राहिले. त्यातले काही इथल्या मातीतच राहिले. दगडावरची सालं टिपा, पण जन्माचं साल मृत्यूच्या सालातून वजा करू नका. मी एकदा केलं होतं. उत्तर एक आकडी आलं आणि त्या दिवशीचा उरलेला सगळा प्रकाश वाया गेला.

खरं तर कोल्हापूरकराची सगळ्यात देखणी समाधी-छत्री टिपायची तर इटलीत फ्लॉरेन्सलाच जावं. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज 1870 ला विशीतच तिथं वारले. अंत्यसंस्काराला संगम हवा म्हणून आर्नो आणि मुन्योने नद्या मिळतात तिथं त्यांना अग्नी दिला. 1874 ला त्यावर छत्री उभी राहिली, आत महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा. छत्रीचा आराखडा मेजर मँटचा, म्हणजे ज्यानं आपला टाऊन हॉल आणि नवा राजवाडा रेखला त्याचाच. तिकडच्या लोकांनी जवळच्या पुलाचं नावसुद्धा ‘भारतीयाचा पूल’ ठेवलंय. आपल्याला ते परवडण्यासारखं नाही, आपल्याकडं चौकाला एक नाव द्यायचं तर आधी दोन मोर्चे निघतात.

आणि शेवटी एक येतंच. तुम्ही गुडघ्यावर बसून, एक डोळा मिटून, श्वास रोखून फ्रेम जुळवत असता. मागून धोतरवाले आजोबा येतात, कॅमेऱ्याकडं बघतात, मग तुमच्याकडं.

“कुणाच्या मातीला आलाय?”

“नाही आजोबा, फोटो काढतोय.”

“कुणाचा?”

इथं लेन्स पुसायला घ्या.