‘धोका माहीत होता ना?’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

साथ आली की हा मेसेज फिरू लागतो आणि साथ ओसरली तरी फिरायचा थांबत नाही. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच: “डॉक्टर-नर्सनी धोका माहीत असूनच हा पेशा पत्करला. सैनिक लढायला जाताना अटी घालतो का? मास्क, किट घालूनही लागण व्हायची ती होतेच. ड्युटीचे तास कमी करा, मनावर ताण येतो, ही तक्रार साथीत कशाला? ताण सगळ्यांनाच असतो. आधी रुग्ण, मग बाकीचं.” तो पुढे पाठवणारे दुष्ट नसतात. बहुतेकांच्या घरातलं कुणी ना कुणी त्या दिवसांत खाटेसाठी ताटकळलेलं असतं. म्हणूनच तो झिडकारून न टाकता त्यातलं एकेक वाक्य घेऊन बोलायला हवं.

“धोका माहीत होता.” होता, नाकारतंय कोण? २००३ च्या सार्सच्या (विषाणूमुळे होणाऱ्या श्वसनाच्या गंभीर आजाराच्या) साथीत जगभरात ८,०९८ जणांना लागण झाली आणि त्यांतला साधारण दर पाचवा माणूस आरोग्य कर्मचारी होता. व्हिएतनाममधल्या हनोईतल्या रुग्णाला तपासून जगाला पहिल्यांदा सावध करणारे डॉ. कार्लो उर्बानी त्याच आजाराने त्याच वर्षी मार्चमध्ये गेले. कोविडच्या बाबतीत, जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्य कर्मचारी दगावले असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. या आकड्यात एवढी तफावत का, याचाही विचार करा. किती माणसं गेली याची नोंदही आपल्याला धड ठेवता आलेली नाही. पेशा निवडणाऱ्याने आजाराशी गाठ पडणार हे मान्य केलेलं असतं. मास्क संपलेत, कालचाच घाल, हे त्याने कधीही मान्य केलेलं नसतं. टाळता न येणारा धोका वेगळा आणि कुणीतरी टाळायचा राहून गेलेला धोका वेगळा. मेसेज हे दोन्ही एकाच पोत्यात भरतो.

शिवाय त्यात फक्त डॉक्टर आणि नर्स आहेत. खोली पुसणारा, दूषित कचऱ्याच्या पिशव्या उचलणारा, रुग्णवाहिका चालवणारा, नमुने हाताळणारी तंत्रज्ञ, मृतदेह बांधणारा माणूस, यांनी कोणती शपथ घेतली होती? विषाणू पदनाम विचारून अंगात शिरत नाही. किट वाटताना मात्र पदनाम पाहिलं जातं.

सैनिकाच्या तुलनेवर फार वेळ घालवत नाही. कुठलंही सैन्य शिरस्त्राण न देता माणसाला पुढे धाडत नाही आणि जखमी झालेल्याला ‘माहीत होतं ना?’ असं विचारत नाही.

“मास्क, किट घालूनही लागण होतेच.” मेसेजमधलं सगळ्यात जास्त नुकसान करणारं वाक्य हे आहे, कारण ते अनुभवाचे बोल असल्यासारखं वाटतं. आता हे पाहा. २०२० मध्ये वुहानला मदतीला गेलेल्या ४२० डॉक्टर-नर्सचा अभ्यास बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात आला. सहा ते आठ आठवडे ही माणसं अतिगंभीर रुग्णांजवळ होती. श्वासनलिकेत नळी घालणं, कफ ओढून काढणं अशी सगळ्यात जोखमीची कामं त्यांनी केली. त्यांच्यातल्या एकालाही लागण झाली नाही. त्यांच्याकडे पुरेशी साधनं होती, ती वापरण्याचं प्रशिक्षण झालेलं होतं आणि पाळी चार ते सहा तासांची होती. या तिन्ही गोष्टी एकत्र होत्या, हे विसरू नका.

किट म्हणजे नुसता झगा नव्हे. एन-९५ मास्कचं कापड कितीही उत्तम असलं तरी तो गालाला घट्ट बसला नाही तर हवा कडेने आत जाते. दाढी असली तरी हेच होतं. म्हणून कुणाच्या चेहऱ्याला कोणता मास्क बसतो याची फिट टेस्ट करावी लागते. एकाच मापाचे मास्क मागवले की बारीक चेहऱ्याच्या बायकांना ते सैल बसतात आणि नर्सिंगमध्ये बायकाच जास्त.

खरी परीक्षा तर किट उतरवताना असते. बाहेरून सगळंच दूषित असतं. हातमोज्याची बाहेरची बाजू कातडीला न लावता तो उलटा करत काढायचा. हात निर्जंतुक करायचे. झगा आतली बाजू बाहेर करत, अंगापासून लांब धरून गुंडाळायचा. पुन्हा हात. गॉगल मागच्या पट्ट्याला धरून काढायचा, समोरून हात लावायचा नाही. मास्क सगळ्यात शेवटी, खोलीबाहेर आल्यावर, तोही पट्ट्यांनीच. पुन्हा हात. ताज्या डोक्याने हे जमतं. किटमध्ये घामाने निथळत, पाणी न पिता, लघवी दाबून दहा तास काढलेल्या माणसाकडून एक पायरी हमखास चुकते, कारण त्या क्षणी त्याला फक्त ते सगळं अंगावरून ओरबाडून फेकायचं असतं. तेव्हा ‘किट असूनही लागण झाली’ असं ऐकलं की किट कुठल्या मापाचं होतं आणि कितव्या तासाला उतरवलं, हे आधी विचारायला हवं.

ड्युटीच्या तासांचं उत्तर यातच आलं. माणसं आधीच कमी, त्यात पाळ्या छोट्या केल्या तर रुग्णांना पाहणार कोण, हा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो कुठल्याही अधीक्षकाची झोप उडवणारा आहे. पण दुसऱ्या बाजूचा हिशेबही मांडा. एका सिस्टरला लागण झाली की ती आठवडा-दोन आठवडे घरी आणि तिच्याबरोबर जेवलेले तिघेचौघे विलगीकरणात. विश्रांतीचे वाचवलेले तास अशा एका फटक्यात जातात. इतर विभागांतली माणसं आधीपासून शिकवून तयार ठेवणं हा त्यावरचा मार्ग आहे आणि ते काम साथ येण्यापूर्वी करायचं असतं.

“ताण सगळ्यांनाच असतो.” असतो. पण घरी पोरांना जवळ घेऊ की नको, ही भीती रोज बाळगणं आणि एकच व्हेंटिलेटर उरलेला असताना तो कुणाला लावायचा हे ठरवणं, हा ताण सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. २०२० च्या सुरुवातीला चीनमधल्या ३४ रुग्णालयांतल्या १,२५७ कर्मचाऱ्यांची पाहणी झाली. त्यांतल्या निम्म्यांत नैराश्याची लक्षणं दिसली आणि एक तृतीयांश लोकांची झोप उडालेली होती. साथ संपली की हे आपोआप निवळतं म्हणावं, तर सार्सनंतर वर्ष-दोन वर्षांनी कॅनडातल्या टोरांटोतल्या कर्मचाऱ्यांना पाहिलं तेव्हाही ते थकलेले, खचलेले होते आणि रुग्णांशी येणारा संबंध कमी करू लागले होते. त्याच अभ्यासात दिसलं की ज्यांना प्रशिक्षण, संरक्षण आणि आधार पुरेसा मिळाल्यासारखं वाटलं, ते त्यातल्या त्यात सावरलेले होते. म्हणजे हेल्पलाइनचा नंबर भिंतीवर चिकटवून भागत नाही. नीट बसणारा मास्क हा मनावरचाही उपचार आहे.

आता “आधी रुग्ण.” मलाही हेच हवं आहे, म्हणून तर हे सगळं लिहितोय. पश्चिम आफ्रिकेतल्या २०१४ च्या इबोला साथीत लायबेरियाने आपले सुमारे ८ टक्के डॉक्टर, नर्स आणि सुइणी गमावल्या. मुळात मोजकेच असलेले हे लोक गेल्यावर बाळंतपणाला, तापाला, लसीकरणाला येणाऱ्यांनी जायचं कुणाकडे? त्यांच्यातल्या बहुतेकांना इबोला झालेलाही नव्हता. शिवाय लागण झालेला कर्मचारी एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जातो आणि आजारही त्याच्याबरोबर जातो. टोरांटोत सार्स पसरला तो मुख्यतः रुग्णालयांच्या आतच.

तुम्हाला खरंच रुग्णाची काळजी असेल, तर आपल्या जवळच्या रुग्णालयाला एवढंच विचारा: रोजंदारीवरच्या सफाई कर्मचाऱ्याला ताप आला तर पगारी रजा मिळते का? मिळत नसेल, तर तो तापाची गोळी घेऊन कामावर येणार आणि तुमच्या माणसाच्या खाटेखालची फरशी पुसणार.