देवचाराला साडी नेसवू नका

पावसाळा लागला की गोव्यात दोन गोष्टी हमखास उगवतात: अळमी आणि भुताच्या शॉर्टफिल्म. जुनं घर, केस सोडलेली पांढऱ्या साडीतली बाई, आणि शेवटी कान फाटेल असा ‘धाड्’. प्रेक्षक दचकतो, मान्य. पण कुकरच्या शिट्टीनेही माणूस दचकतो. भीती त्या ‘धाड्’च्या आधीच्या दहा सेकंदांत असते, आणि नेमकी तिथेच घाई होते.

भयपटाचे संकेत लोकांना पाठ आहेत. आरशाचं कपाट बंद करताना मागे कुणीतरी दिसणार, हे शाळकरी पोरालाही कळतं. म्हणून पहिल्यांदा आरसा रिकामाच ठेवावा. प्रेक्षकाने श्वास सोडला की त्याची चौकी उठते.

१९४२च्या ‘कॅट पीपल’मधला प्रसंग बघा. रात्रीच्या रस्त्यावर एक बाई चालतेय, मागे दुसरीच्या टाचांचा आवाज. संगीत नाही. मग मागच्या टाचा थांबतात. पुढची घाबरून पळू लागते, आणि फिस्सकन बस येऊन उभी राहते. एवढंच! निर्माता व्हॅल ल्युटनच्या नावावरून असल्या खोट्या धक्क्याला आजही ‘ल्युटन बस’ म्हणतात. काम बसने केलेलं नाही, थांबलेल्या टाचांनी केलंय.

आपल्याकडे टाचांची गरजच नाही, बेडूक आहेत. लोकेशनवर दोन मिनिटं नुसता परिसर रेकॉर्ड करा. बेडूक, रातकिडे, पागोळ्या वेगवेगळ्या ट्रॅकवर ठेवा. धक्क्याआधी बेडूक बंद. तीन सेकंदांनी रातकिडे. पागोळी एकटी ठिबकू दे. काय गेलं ते प्रेक्षकाला सांगता येणार नाही, पण मान ताठ होईल. सगळं एकदम कापलंत तर मात्र त्याला वाटेल, स्पीकर बिघडला.

बिघडतं ते बहुधा मिक्सिंगमध्ये. संवादच टिपेला नेले की धक्क्याला वर जायला जागा उरत नाही. खोल घुमणारा आवाज मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरवर जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि तुमची फिल्म बहुतेक लोक तिथेच बघणार. त्यात लाकडाची करकर मिसळा. संगीत दोन सेकंद आधी सुरू झालं तर ते कुत्रं भुंकल्यासारखं पाहुण्याची वर्दी देतं.

चौकटीत माणूस कडेला, उरलेल्या जागेत अंधारं दार. शॉट सहा-सात सेकंद धरा. दारात काही आणू नका, निदान पहिल्या दोन वेळा. जुन्या घरांतल्या शिंपल्यांच्या खिडक्या तर फुकटचं भांडवल: उजेड आत येतो, पलीकडचं रूप येत नाही. निळे दिवे कशाला भाड्याने आणता?

आणि देवचार! गोव्याच्या लोकश्रद्धेतला तो अदृश्य राखणदार, रात्री गावची हद्द फिरणारा. त्याला मेकअप फासून समोर उभा केला की पोरं हसतात. त्याला काठी पुरे. ती तीनदा वाजू दे, सारख्या अंतराने. चौथ्या ठोक्याच्या जागी फक्त पागोळी.