चुंबक, टेप आणि निर्विकार चेहरा

अमेरिकेत १९६७ ते १९७२ मधली शेवरोले सी-१० पिकअप बघायला जाताना तीन गोष्टी लागतात: फ्रिजवरचं चुंबक, मोजायची टेप आणि निर्विकार चेहरा. पहिल्या दोन कुठेही मिळतात. तिसरी माझ्याकडे असते, पण गाडी दिसेपर्यंतच.

रंग चकचकीत असला की मी आधी कोपरे बघतो. या गाडीच्या गंजाच्या जागा ठरलेल्या आहेत: केबिनचे मागचे खालचे कोपरे, दाराखालची रॉकर पॅनल, छताच्या कडेची पन्हळ, मॅटखालचा पत्रा. पानं-माती साचते, पाणी अडतं आणि पत्र्याचा पापड होतो. चुंबकाला पातळ फडकं गुंडाळून तिथे फिरवायचं (ओरखडा उठला तर मालक भाव उतरवणार नाही, आपल्याला उतरवेल). चुंबक जिथे घसरून पडतं तिथे पत्रा नाही, गंज झाकायला भरलेली पुट्टी. मालक म्हणतो, ‘किरकोळ आहे.’ नवा कोपरा खरंच स्वस्त मिळतो. तो कापून, जोडून, घासून रंगवणाऱ्याचे तास मिळत नाहीत. भावातून वजा करायची ती ही मजुरी.

इंजिन आधीच तापवून ठेवलेलं असेल तर मी ते गार होईपर्यंत हवापाण्याच्या गप्पा मारतो. गार इंजिन सुरू होताना निळ्या धुराचा एकच फुत्कार आला तर बहुधा व्हॉल्व्ह सील (व्हॉल्व्हपाशी तेल अडवणारं रबर) गेलेलं. धूर थांबेचना, तर पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या, म्हणजे इंजिन उघडायची तयारी. केबिनमध्ये पेट्रोलचा वास येतो कारण टाकीच सीटमागे आहे. तिच्या नळीचं रबर तपासावं, आणि मालकाला सिगरेट विझवायला सांगावं.

मैलांच्या मीटरला पाचच घरं. ५४,००० म्हणजे १,५४,००० सुद्धा असू शकतात. मालकाला पहिलाच आकडा पाठ असतो. चेसिस नंबरात सुरुवातीला ‘सीएस’ असेल तर गाडी सहा सिलिंडरची जन्मली. पुढे व्ही-८ (आठ सिलिंडरचं इंजिन) गुरगुरत असेल तर खुशाल चालवा, फक्त ‘ओरिजिनल’चे पैसे देऊ नका.

मग येते पावत्यांची जाडजूड फाइल. ती मालकाच्या खर्चाची हकिकत आहे, गाडीच्या किमतीची नाही. भाव काढायचा तो तशाच अवस्थेतली गाडी लिलावात प्रत्यक्ष कितीला गेली त्यावरून. जाहिरातीत कोणीही काहीही मागतो.

सगळ्यात मजेचा भाग मागच्या, सामानाच्या हौद्याचा. साडेसहा फुटी आखूड हौद्याला आठ फुटी लांब हौद्यापेक्षा जास्त भाव! दीड फूट सामान कमी मावतं, त्याचे हे पैसे. साहजिकच काही कारागीर लांब गाडी कापून आखूड करतात. आखूड गाडीचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर) ११५ इंच, लांब गाडीचा १२७. मूळ आकडा ग्लव्ह बॉक्सच्या झाकणामागच्या लेबलावर असतो. टेप ११५ म्हणते आणि लेबल १२७, तर गाडीखाली आडवं पडून चेसिसवरचा वेल्डिंगचा सांधा शोधायचा. लेबल खरवडलेलं असेल, तर चांगले कपडे असले तरी आडवं पडायचंच.