उंचीचं माप घेतलंत, बोटांचं घेतलंत का?

शाळा सुरू व्हायला थोडे दिवस उरले की ओळखीतल्या नव्या आईबाबांचे फोन येऊ लागतात. गणवेशाचे जोड किती घ्यायचे, बुटांचा नंबर कसा ठरवायचा, दप्तर केवढं हवं. मी दरवेळी आधी एकच विचारते, "त्याला पँटचा हूक एकट्याला काढता येतो का?" बहुतेकांनी हे कधी बघितलेलंच नसतं. मीही बघितलं नव्हतं. म्हणून आज सविस्तर लिहितेय.

माझी लेक पहिल्यांदा शाळेत गेली तेव्हा चार वर्षांची होती. गणवेशात समोरून स्कर्ट दिसणारी, पण आतून हाफपँट असलेली एक चड्डी होती. कमरेला बाजूला चेन, वर स्टीलचा हूक आणि त्याच्यावर बकलाचा पट्टा. दुकानात तो पट्टा मीच तिच्या कमरेला बांधला, आरशासमोर उभं केलं, फोटो काढले. माप अगदी बरोबर होतं. पहिल्या आठवड्यात ती घरी आली की दप्तर टाकून थेट बाथरूमकडे पळायची आणि मी घाईघाईने पट्टा सोडायचे. मला वाटायचं, खेळण्याच्या नादात जायचं विसरत असेल. दुसऱ्या आठवड्यात पाण्याची बाटली भरलेलीच परत यायला लागली. झाकण कडक असेल म्हणून मी बाटली बदलली. तिसऱ्या आठवड्यात लघवीला जळजळ सुरू झाली आणि डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "शाळेत ही बाथरूमला जाते का?"

त्या दिवशी संध्याकाळी तिला गणवेश घालून मी बाथरूमच्या दाराशी उभी राहिले आणि हात मागे बांधून नुसती बघत राहिले. तिने पट्टा ओढला, पुन्हा ओढला. बकलाच्या दांडीतून पट्टा मागे घ्यायला आधी पोट आत ओढावं लागतं, मग अंगठ्याने जोर लावावा लागतो. त्या इवल्या अंगठ्यात तेवढा जोर नव्हता. पट्टा सुटला असता तरी पुढे हूक होता. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "म्हणून मी पाणी पीत नाही." चार वर्षांच्या मुलीने स्वतःपुरता उपाय शोधला होता आणि आम्हा मोठ्यांपैकी कोणालाच ते कळलं नव्हतं. तिने बाईंना का सांगितलं नाही, असं तेव्हा मला खूप जणांनी विचारलं. नव्या जागी, नव्या माणसासमोर "माझी चड्डी सोडून द्या" म्हणायला लहान मुलालाही लाज वाटते. लघवी रोखून धरण्याने आणि पाणी कमी पिण्याने जंतुसंसर्ग होऊ शकतो, पोटही गच्च होतं. हे सगळं एका पट्ट्यापायी.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. लहान मुलाची शाळेची खरेदी त्याच्या बोटांच्या मापाने करायची. उंची, कंबर, छाती हे सगळं त्यानंतर.

इलॅस्टिकची चड्डी खाली-वर करणं मुलाला सगळ्यात आधी जमतं. समोरची मोठी बटणं साधारण तीन-चार वर्षांची मुलं काढू शकतात, पण लावायला त्यांना आणखी वेळ लागतो, कारण काढणं सोपं आणि लावणं अवघड. बुटाची नाडी बांधणं बहुतेकांना सहाच्या आसपास जमतं, काहींना त्याच्याही नंतर. मग चार वर्षांच्या मुलाला नाडीचे बूट आणि हूकची पँट कशासाठी? शाळेचा नियम असेल तर शाळेला विचारा. मी विचारलं. दोन ओळींची चिठ्ठी लिहिली की हूकाऐवजी इलॅस्टिक चालेल का आणि पट्टा नाही घातला तर चालेल का. चाललं. बाहेरून काहीच फरक दिसत नव्हता. शिंप्याने हूकाच्या जागी इलॅस्टिक ओवलं आणि वर नुसतं दिसायला एक बटण लावलं. शर्टाची नवी काजं कडक असतात, तीही घरी आधी पाच-पन्नास वेळा उघडून-लावून मऊ करून घ्यावीत. बटण चपटं आणि मोठं असेल तर फार बरं.

बुटांसाठी वेल्क्रोचा पट्टाच घ्या, अगदी निःसंकोच घ्या. जॉर्ज द मेस्त्राल नावाच्या स्विस इंजिनिअरला १९४१ साली कुत्र्याला घेऊन फिरून आल्यावर त्याच्या केसांत आणि स्वतःच्या कपड्यांना अडकलेली काटेरी बोंडं दिसली. ती सूक्ष्मदर्शकाखाली बघून त्याला ही कल्पना सुचली. एका बाजूला बारीक आकडे, दुसऱ्या बाजूला बारीक फासे. म्हणूनच त्या आकड्यांत धागे आणि केस अडकले की पकड जाते. जुन्या टूथब्रशने घासून साफ केली की पट्टा परत धरतो. पकड गेली म्हणून लोक धडधाकट बूट फेकून देतात, ते बघून जीव हळहळतो.

आता 'वाढत्या अंगाचे' कपडे. आपल्याकडे हा शब्दच इतका रुळलाय की त्यावर कोणी विचार करत नाही. दुकानदारही म्हणतो, वाढत्या अंगाचा घ्या, दोन वर्षं बघायला नको. या वयात मुलं वर्षाला सुमारे ५ ते ६ सेंटीमीटर वाढतात, त्यामुळे त्यात तथ्य आहे. पण तळहातावर येणारी बाही घालून मूल हात धुतं तेव्हा बाही भिजते आणि ओल्या बाहीने ते दिवसभर बसतं. टाचेखाली येणाऱ्या पँटने जिन्यावर पाय अडकतो. वाढीची सोय आत असावी. पँटच्या आणि स्कर्टच्या खालच्या दुमडीत ६-७ सेंटीमीटर कापड सोडून घ्या, हातशिलाईने टाका, म्हणजे उसवायला सोपं. कमरेच्या आत काजं असलेलं इलॅस्टिक आणि बटण असेल तर कंबरही वाढवता येते. खांदा मात्र आजच्या मापाचाच हवा, तो सैल असला की सगळा शर्ट घसरतो आणि मूल दिवसभर तो वर ओढत बसतं.

कापडाबद्दल थोडक्यात. सुती कापड हवेतला ओलावा स्वतःच्या वजनाच्या ७-८ टक्क्यांपर्यंत धरतं, पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. म्हणून सुती कपड्यात घाम टिपला जातो आणि पॉलिएस्टर रात्री धुतलं तर सकाळी वाळलेलं मिळतं. वरचा शर्ट सुती किंवा जास्त सूत असलेला घ्या, खालचं वस्त्र मिश्र कापडाचं चालेल. सुती कपडा पहिल्या धुण्यात आटतो, म्हणून धुतल्यावर परत घालून बघा आणि मगच दुमडी टाका. न धुता घालायचा तर अजिबात नाही. इस्त्री न लागणाऱ्या कापडांवर जे फिनिश असतं त्यातून फॉर्मल्डिहाइड हे त्वचेला त्रास देऊ शकणारं रसायन सुटू शकतं. धुतल्यावर ते बरंच कमी होतं. मानेमागचा लेबलचा तुकडा शिलाईसकट उसवून काढा. नुसता कापला तर उरलेली कड जास्त टोचते.

आणि जुने कपडे! ताईचे, दादाचे, शेजारच्या मुलाचे. लहान मुलासाठी जुना गणवेश नव्यापेक्षा चांगला असतो, हे मी मनापासून सांगतेय. आटायचा तेवढा आटलेला, मऊ झालेला, काजं सैल झालेली. यात कमीपणा काहीच नाही.

बूट मात्र नाही. जुना बूट पहिल्या मुलाच्या पायाच्या वळणावर बसलेला असतो, त्यात दुसऱ्याचा पाय घालायचा नाही. बुटांबद्दल मी जरा जास्तच बोलते, कारण इथे मूल आपल्याला काहीच सांगू शकत नाही. मोठ्या माणसाच्या पायात २६ हाडं असतात, पण या वयात त्यांचा बराच भाग अजून कूर्चाच असतो. पाय इतका मऊ की आखूड बुटातही दुमडून बसतो आणि मूल "छान आहे" म्हणतं. अंगठ्याच्या जागी दाबून बघायची आपली पद्धतही फसवी. दाबलं की मूल बोटं आत घेतं. खात्रीचा उपाय म्हणजे बुटाचा सुकतळा बाहेर काढायचा, जमिनीवर ठेवायचा आणि मुलाला त्यावर उभं करायचं. सगळ्यात लांब बोटाच्या पुढे साधारण १ सेंटीमीटर जागा हवी, आणि कडेने पाय बाहेर यायला नको. सुकतळा निघत नसेल तर घरी कागदावर पायाचा आकार काढून, कापून तो बुटात सरकवून बघा. माप संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय थोडा फुगतो. उभं करून घ्या, दोन्ही पायांचं घ्या आणि मोठ्या पायाचं धरा.

नंबरावर विसंबू नका. ब्रिटिश मापात एका नंबराचा फरक सुमारे ८.५ मिलिमीटर, युरोपीय मापात सुमारे ६.७, आणि एकाच नंबराचे दोन बनावटीचे बूट शेजारी ठेवले तर तेही सारखे नसतात. बूट आधीपासून घेऊन ठेवू नका, शाळा सुरू व्हायच्या अगदी आधी घ्या. एकदम दोन नंबर मोठा बूट, पुढे कापूस कोंबून, हे तर कधीच नको. टाच आत घसरते, मूल बोटांनी बूट धरून चालतं, पळताना पडतं. दर तीन-चार महिन्यांनी तो कागद परत काढून बघायचा, बस.

दप्तराचं सोपं आहे. भरलेलं दप्तर मुलाच्या वजनाच्या दहाव्या भागाच्या आसपासच असावं. २० किलोच्या मुलाला २ किलो, त्यात पाण्याने भरलेली बाटलीही आली. म्हणजे रिकामं दप्तर मुळात हलकं हवं. दुकानात ते हातात घेऊन बघा. पट्टे रुंद हवेत, तळ कमरेच्या खाली लोंबता कामा नये. बाटलीचं झाकण आणि डब्याची कडी दुकानातच मुलाच्या हातात द्या आणि त्याला उघडू द्या. आपण मदत करायची नाही. उघडलं नाही तर घ्यायचं नाही, त्यावर चित्र कितीही आवडतं असो. नाव सगळ्या वस्तूंवर घाला, पण आतल्या बाजूला, रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला वाचता येईल असं नको. वाचता न येणाऱ्या मुलासाठी कॉलरच्या आत रंगीत दोऱ्याची एक फुली घाला. माझी लेक वीस सारख्या स्वेटरांतून आपला स्वेटर त्या फुलीवरून ओळखायची.

शाळा चालवणाऱ्यांपैकी कोणी वाचत असेल तर दोन गोष्टी सांगायच्या आहेत. रंग ठरवा, दुकान ठरवू नका. साधा शर्ट, साधी पँट कुठूनही घेऊ द्या आणि शाळेचं चिन्ह शिवून लावायला वेगळं द्या. दुसरी गोष्ट मुलींची. २०२४ साली केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी १३५ देश-प्रदेशांतल्या दहा लाखांहून जास्त मुलांची माहिती तपासली. जिथे बहुतेक शाळांत गणवेश असतो तिथे रोज तासभर शारीरिक हालचाल करणाऱ्या मुलांचं प्रमाण कमी होतं आणि प्राथमिक शाळेत मुलगे-मुलींतली तफावत जास्त होती. याचं कारण गणवेशच, असं सिद्ध झालेलं नाही, हेही त्यांनीच सांगितलं. पण घसरगुंडीवर जाताना एका हाताने स्कर्ट धरणारी पाच वर्षांची मुलगी मी पाहिली आहे. तिला पँट घालू द्या. नियमाच्या कागदात एक ओळच तर वाढवायची आहे.

धाकट्याच्या वेळी मी शाळेआधी आठवडाभर घरीच तालीम केली. सकाळी पूर्ण गणवेश, बूट, पाठीला दप्तर. दिवसभर तो तसाच खेळला, बसला, जेवला, बाथरूमला गेला. पहिल्या दिवशी मोज्याची टाच वर आली म्हणून रडला, दुसऱ्या दिवशी पँटचं इलॅस्टिक करकचून बसतंय असं लक्षात आलं, ते बदललं. चौथ्या दिवशी तो बाथरूममधून बाहेर आला तेव्हा शर्ट अर्धा आत, अर्धा बाहेर होता आणि पँट उलटी चढवलेली होती. मी ती सरळ केली नाही. पहिल्या दिवशी शाळेतून आला तेव्हाही शर्ट तसाच होता, आणि बाटली रिकामी होती.